सिनेमातलं घर, जुळे सोलापुरातला फ्लॅट आणि आजेसासूबाईंची पेटी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही दोघांनी एक सिनेमा पाहिला. गोष्ट विसरलात, पण त्यातलं घर डोक्यातून जात नाही. पिवळसर उजेड, भिंतीला टेकून पुस्तकं, ओट्यावर बरण्या, खिडकीत बसायची जागा, जरा विटलेल्या उशा. तुमचा जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या वस्तीत, टूबीएचके आहे, ताबा मिळून सहा महिने झाले. सगळं नवं, सगळं स्वच्छ, तरी लॉजवर उतरल्यासारखं वाटतं. दोन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. हॉलची बाल्कनी पश्चिमेला, झोपायच्या खोलीची खिडकी दक्षिणेला. सासरच्या जुन्या घरातून आजेसासूबाईंची सागवानी पेटी आली आहे, तिचं कुलूप जाम आहे. या घराशी ती मॅच होत नाही, तर देऊन टाकावी का, हा शेवटचा प्रश्न.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पेटी देऊ नका. त्या सिनेमातल्या घरात तुमच्याकडची एकच वस्तू खपली असती, ती म्हणजे ही पेटी. बाकीचं सगळं आम्ही शूटिंगच्या आधी उचलून बाहेर ठेवलं असतं.

'आम्ही' म्हणते, कारण मी मुंबईत नऊ वर्षं कलाविभागात सेट सजवायचं काम केलं. सोलापुरात परत येऊन आता अठरा वर्षं लोकांची घरं करते. त्यामुळे त्या पडद्यावरच्या घराच्या मागच्या बाजूने मी बरीच हिंडले आहे. मागून ते प्लायवूड असतं, लाकडी टेकू लावलेलं. बऱ्याचदा चौथी भिंत नसते, छत नसतं, कारण तिथून दिवे सोडायचे असतात. सेट उभा राहतो तेव्हा तो रंगाचा वास मारणारा खोका असतो, तुमच्या फ्लॅटपेक्षा नवा. त्यात चाळीस वर्षांचा संसार चार-पाच दिवसांत घडवायचा.

तो कसा घडवतात ते सांगते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. आमचे कलादिग्दर्शक सामानाची यादी करायच्या आधी सगळ्यांना बसवून प्रश्न विचारायचे. या घरातले वडील चष्मा कुठे काढून ठेवतात? आई फोनवर बोलताना कशाला टेकते? पोरगा शाळेतून आल्यावर दप्तर कुठे भिरकावतो? पाहुणा आला की जागा कोण सोडतं? याची उत्तरं ठरल्याशिवाय खुर्चीसुद्धा मागवायची नाही. चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर ठरला की कट्टा तेवढा रुंद करायचा, वडिलांची खुर्ची तिथे, खुर्चीच्या उजव्या हाताखालचं पॉलिश उडालेलं, बाजूला वर्तमानपत्रांची चळत. प्रेक्षकाला यातलं काही वेगळं दिसत नाही, त्याला फक्त वाटतं की इथे कोणीतरी राहतं.

हा मळ आणि झीज आम्ही हाताने करायचो. एका मालिकेच्या सेटवर दिव्याच्या बटणांभोवती हाताळल्याच्या खुणा हव्या होत्या. मी अर्धी दुपार खोबरेल तेल, पेन्सिलीची पूड आणि कापडाचा बोळा घेऊन बसले. बटणांभोवती, दाराच्या कडीखाली तळवा टेकतो तिथे, सोफ्यामागच्या भिंतीवर डोकं टेकतं तिथे एक पुसट गोल. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर साफसफाईच्या पोराने रात्री फिनेल घेऊन सगळं चकाचक केलेलं. नवा सेट आणि एवढी घाण, असं वाटून त्याने आपलेपणाने पुसलं होतं. पुन्हा बसले बोळा घेऊन. पांढरं कापडही तसंच. नवं पांढरं आम्ही कॅमेऱ्यापुढे जाऊच द्यायचो नाही. ते भगभगतं आणि नवेपणाची चुगली करतं, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून मग अंथरायचं.

तुम्ही चादरी चहात बुडवू नका. तुम्हाला फक्त पहिली पायरी घ्यायची आहे, प्रश्नांची. एक आठवडा काही विकत घेऊ नका. घरात कोण कुठे बसतं ते बघा. ठरवलेल्या जागी नाही, खरोखर कुठे बसतं ते. बहुतेक तुम्ही सोफ्यावर न बसता सोफ्याला पाठ टेकून खाली बसत असाल. यजमान चहा ओट्याला टेकून उभ्याने घेत असतील. किल्ल्या फ्रिजवर पडत असतील. सगळं लिहून काढा.

बसायची जागा माणूस उगीच निवडत नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया बघा. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, आणि बाई बसलेली असते दाराशी, उंबऱ्याला लागून. पानं कापायला तिथे उजेड असतो, वारा असतो, आणि गल्लीतून कोण गेलं तेही दिसतं. तिच्या पाठीमागच्या भिंतीवरचा रंग गेलेला असतो. पाण्याचा तांब्या हाताला येईल इतक्या अंतरावर. मला विचाराल तर सेट डिझाइन शिकायला त्या दारासारखी दुसरी जागा नाही. मुंबईत ज्या गोष्टीसाठी आम्ही बैठका घ्यायचो ती इथे आपोआप मांडलेली असते.

त्याच बायकांच्या घरांचं अजून एक उदाहरण देते. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची सुमारे १० हजार घरं आहेत, २००६ मध्ये ती त्यांना मिळाली. सगळी एका साच्यातली. तुमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या आणि खालच्या मजल्यावरचा फ्लॅट जसा हुबेहूब तुमच्यासारखा आहे, तसंच. पण आज तिथल्या कुठल्याही दोन शेजारच्या घरांत जाऊन या. एकीने दारापुढे कट्टा घातलाय, दुसरीने तुळशीशेजारी शिलाई मशीन आणलंय, कुठे अर्धी भिंत पोरांच्या प्रमाणपत्रांनी भरलीय. डिझायनर एकही गेलेला नाही. सहा महिने हा फार थोडा काळ आहे, एवढंच मला म्हणायचंय. सिनेमावाले चाळीस वर्षं चार दिवसांत उरकतात म्हणून तुम्हाला घाई झालीय.

मग सहा महिन्यांच्या घराला काय करता येतं? वस्तूंचं वय मिसळता येतं. समजा १९९० सालचं घर पडद्यावर दाखवायचंय. नवशिका काय करतो, १९९० सालच्या वस्तू गोळा करतो. ते दुकान दिसतं. १९९० सालच्या खऱ्या घरात १९६५ च्या लग्नात आलेलं कपाट असतं, आजोबांचा रेडिओ असतो, १९८४ ला हप्त्यावर घेतलेला टीव्ही असतो आणि काल आणलेली प्लॅस्टिकची बादली असते. तुमच्या घरातल्या सगळ्या वस्तू एकाच महिन्यात जन्मल्या आहेत, सोफा, टीपॉय, टीव्ही युनिट, पडदे, भिंतीवरची ती तीन फ्रेमची माळसुद्धा. एकीलाही दुसरीला सांगण्यासारखं काही नाही. पेटी सत्तर-ऐंशी वर्षांची असेल, तर एका फटक्यात घराचं वय वाढेल. फक्त ती कोपऱ्यात शोभेची म्हणून ठेवू नका, वापरात आणा. पेटी सोफ्यापुढे ठेवा, टीपॉय विका. वर चहाचे कप ठेवा, डाग पडू द्या. आत हिवाळ्याची पांघरुणं.

आता उजेड. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या दोन लाखांतले थोडेच इथे लागतील आणि निम्म्याहून जास्त फरक इथेच पडेल.

सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये बनारसचं एक घर आहे, मधे चौक असलेलं. ते खरं बनारसातलं नाही, कलकत्त्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्तांनी उभं केलेलं आहे. अशा चौकात वरून आकाशाचा उजेड येतो आणि त्याला कडक सावल्या नसतात. स्टुडिओतले दिवे मात्र सावल्या पाडतात, एकाला चार. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारले. कापडावरून परतून खाली आलेला उजेड पडद्यावर थेट आकाशाचा वाटतो. आम्हाला हे कामाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं गेलं होतं, आणि मी अजून प्रत्येक घरात तेच करते. दिवा भिंतीवर किंवा छतावर मारायचा, माणसाच्या टाळूवर नाही.

तुमच्या हॉलच्या पीओपीत सहा-आठ गोल दिवे खाली तोंड करून बसवलेले असणार, आणि बहुधा 'कूल डेलाइट' म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, ६५०० केल्विनचे. केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. त्या उजेडात डोळ्यांखाली काळं दिसतं, डाळ फिकी दिसते आणि नवरा आजारी. ते काढू नका, पण रोजच्या संध्याकाळी लावू नका. हरवलेलं कानातलं शोधायला ठेवा. त्यांच्याऐवजी हॉलमध्ये तीन छोटे दिवे, प्रत्येकी चार-पाच वॅटचे, आणि तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं बघून घ्या, जुना तारेचा बल्ब साधारण २७०० चाच असायचा. त्याच खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, तो ९० च्या वर मिळाला तर चार पैसे जास्त द्या. तो कमी असला की लाल रंग मेल्यासारखे दिसतात, आणि आपल्या घरांत कुंकवापासून चादरीपर्यंत लाल रंग कमी नाही. उभ्या दिव्याच्या शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यावी, बल्ब दिसता कामा नये. जेवणाच्या टेबलावर टांगता दिवा टेबलापासून अडीच फुटांवर. खाली आणा म्हटलं की सगळे घाबरतात, डोक्याला लागेल म्हणतात. टेबलाच्या मधोमध कोण उभं राहणार आहे?

ओट्यावर मात्र हे करू नका. तिथे ४००० केल्विनचा स्वच्छ उजेड हवा. पिवळ्या उजेडात कांदा करपला ते वास आल्यावर कळतं.

खरी अडचण दिव्यांची नसते, पॉइंटची असते. टीव्हीच्या मागे पाच पॉइंट आणि जिथे माणसं बसतात तिथे एकही नाही, हे मी जुळे सोलापुरातल्या नव्या बिल्डिंगांत सारखं बघते. भिंती फोडायची गरज नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून फरशीच्या कडेने केसिंग-पट्टी टाका, भिंतीच्या रंगात रंगवा. आणि या तिन्ही दिव्यांना दाराजवळ एकच बटण द्या. तीन ठिकाणी वाकून दिवे लावायला लागले तर आठव्या दिवशी तुम्ही पुन्हा छतावरचे दिवे लावाल. मी स्वतःच्या घरी तेच केलं होतं.

दिवसाच्या उजेडाचंही गणित सोपं आहे. सोलापूर १७ अंश ४० मिनिटांच्या आसपास अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मे अखेरीच्या भर दुपारीही तुमच्या दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. उलट डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य पन्नास अंशांच्या आतच राहतो आणि ऊन खिडकीतून पाच-सहा फूट आत, पलंगापर्यंत येतं. सिनेमातली ती खिडकीत बसायची जागा तुम्हाला हवी आहे ना, ती इथे करा, हॉलमध्ये नाही. अठरा इंच उंच, किमान वीस इंच खोल, खाली ड्रॉवर न करता उचलायची झाकणं. ड्रॉवरचे चॅनल धुळीने कुरकुरतात.

पश्चिमेची बाल्कनी हा मात्र तापच. सिनेमातला तो सोनेरी तिरपा उजेड पश्चिमेचा असतो हे खरं, पण शूटिंग संपल्यावर सगळे घरी जातात. इथे एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचचं ऊन भिंतीत मुरतं आणि रात्री अकरापर्यंत भिंत ते परत देत राहते. पडदा काचेच्या आत लावून उपयोग थोडाच होतो, कारण काच ओलांडून आलेली उष्णता आतच राहते. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक सोडा. दोरी ओढून अर्धी वर केली की तिच्या फटींमधून उजेडाच्या पट्ट्या फरशीवर पडतात. तो सोनेरी उजेड तुम्हाला मिळतो, चटका निम्मा होतो.

'उबदार घर' हा शब्दच सोलापुरात जरा जपून वापरावा. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, ऊब कसली मागता! पडद्यावरची ऊब बऱ्याचदा थंड मुलखातून आलेली असते, जाड गालिचे, मखमली पडदे, लोकरीच्या शाली, गडद लाकडाची तावदानं. ते सगळं इथे आणलं तर मार्चपासून अंगावर येतं. आपल्या जुन्या घरांना दुसरी युक्ती माहीत होती, अंगाला गार आणि डोळ्याला मऊ. माझं आजोळ बार्शीकडचं, माळवदाचं घर. तुळया, त्यावर फळ्या, वर हातभर पांढरी माती, भिंती इतक्या जाड की देवळीत माझं अख्खं दप्तर बसायचं. खिडक्या नावाला. छताला सवणं होतं, धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं भोक. त्यातून उजेडाची एकच काठी तिरकी खाली यायची, धुळीचे कण तिच्यात फिरत असायचे, आणि आजी ज्वारी निवडायचं सूप घेऊन त्या उजेडाच्या ठिपक्याबरोबर सकाळभर सरकत राहायची. मोठे कॅमेरामन असा एक झोत मिळवायला धुराची यंत्रं लावतात.

तुमच्या फ्लॅटला माळवद करता येणार नाही, पण गारवा पायाखाली ठेवून मऊपणा डोळ्याच्या उंचीला आणता येतो. व्हिट्रिफाइड टाइल्स उचकटू नका, पैसे वाया जातील. शहाबादी फरशी मला स्वतःला फार आवडते, शहाबाद इथून वाडीच्या रेल्वेमार्गावरच आहे, पण ती करायची तर घर बांधतानाच. टाइल्सची चकाकी खुपत असेल तर उजेड खाली आणल्यावर ती निम्मी कमी वाटेल. वर सतरंजी टाका, भिंतीपासून भिंतीपर्यंत नको, बसता तेवढ्यात.

आणि चादर. सोलापुरात राहून लोक सोफ्यावर टाकायला ऑनलाइन 'थ्रो' मागवतात तेव्हा मला कपाळावर हात मारावासा वाटतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जकार्ड मागावर विणलेली, सुती, जाड, आणि नक्षी छापलेली नसते, विणीतच असते. म्हणून ती पंधरा वर्षं धुतली तरी विरते, पण कुरूप होत नाही. नवी चादर अंगाला टोचते आणि तिचे रंग ओरडतात. जुनी मऊ पडते, लाल रंग विटेचा होतो, निळा धुरकट. सिनेमातल्या त्या विटलेल्या उशा तुम्हाला का आवडल्या, ते इथे आहे. आईकडे, सासूबाईंकडे ट्रंकेत जुनी मयूरपंखी चादर हमखास असेल. फाटकी निघाली तर चांगला भाग कापून उशांचे अभ्रे शिवा. नवीही घ्या, पण ती झोपायच्या खोलीत वापरा आणि दहा वर्षांनी हॉलमध्ये आणा.

कापडाचा आणखी एक उपयोग कुणी सांगत नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो. टाळी वाजवून बघा. सिनेमातल्या घरात तो घुमत नाही, शिवाय ध्वनिमुद्रणवाले मागे पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, लांबून भाजीवाल्याची हाक मिसळतात. घर भरलेलं वाटण्यात कानाचा वाटा मोठा असतो. जाड सुती पडदे फरशीला टेकतील इतके लांब, एक सतरंजी, पुस्तकं, आणि सोफ्यामागच्या भिंतीवर एखादी चादर टांगलेली. टाळी पुन्हा वाजवा.

रंगाबद्दल थोडक्यात. पांढराशुभ्र नको, पिवळ्या मातीची किंचित झाक असलेला पांढरा, मॅट. चुन्याचा हात मारावा अशी हौस असेल तर थांबा, सध्याच्या भिंतीवर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट आहे, त्यावर चुना धरत नाही, पापुद्रे निघतात. सगळं खरवडायची तयारी असेल तरच. त्यापेक्षा शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या जुन्या घरांत असायची ती पद्धत घ्या, खाली चार फूट ऑइलपेंट, हिरवा किंवा निळा, वर फिका रंग. पाठ टेकून, हात लागून जिथे भिंत मळते तिथपर्यंत गडद. त्यामागे शुद्ध व्यवहार होता. जेवणाच्या टेबलामागच्या एका भिंतीला करा, छान दिसतं आणि आमटीचे शिंतोडे पुसले जातात.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सोलापुरात आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी एका घरात सिनेमात असतात तशा उघड्या फळ्या केल्या, अख्ख्या स्वयंपाकघरात. पितळेचे डबे, चिनी मातीच्या बरण्या, काचेत डाळी. फोटो झकास आले. तीन महिन्यांनी त्या काकूंचा फोन आला, "ताई, एकदा येऊन बोट फिरवून बघा." बोट चिकटलं. फोडणीच्या तेलाची वाफ आणि उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ, दोन्ही मिळून फळ्यांवर राप बसला होता. सेटवर फोडणी पडते ती एका शॉटपुरती, आणि डबे पुसायला माणूस असतो. मी स्वखर्चाने दारं लावून दिली. तेव्हापासून उघडी फळी एकच, हाताच्या उंचीवर, आणि तिच्यावर रोज हात लागतो त्याच वस्तू, मीठ, चहा-साखर, शेंगा चटणीची बरणी. रोज उचललेल्या वस्तूवर धूळ बसत नाही. बाकी सगळं जाळीच्या दाराच्या फडताळात. जाळीमागून भांड्यांची चमक दिसते तेवढी पुरे. आईकडची स्टीलची मांडणी असेल तर तीही लावा. तिला लोक जुनाट म्हणून काढतात, पण कपबश्या, वाट्या, ताटल्या ओळीने लावलेली मांडणी मी सेटवर दोन वेळा मुद्दाम भाड्याने आणली आहे.

आणि पाणी. पडद्यावरच्या घरात पिंप दिसत नाही. तुमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर पिंप, बादल्या, कॅन येणारच, आणि ते आज पॅसेजमध्ये उभे असणार. त्यांची सोय सगळ्यात आधी करा. धुण्याच्या बाल्कनीत दोन पिंपांपुरता कट्टा, खाली तोटी, वर फळी, पुढे पडदा. प्यायच्या पाण्याचा माठ मात्र लपवू नका. तिवईवर, वारा लागेल तिथे, खाली ओलं फडकं. उन्हाळ्यात ती घरातली सगळ्यात देखणी जागा होते.

जुनं लाकूड अजून घ्यावंसं वाटलं, म्हणजे एखादं पाडलेल्या वाड्याचं दार किंवा खुर्ची, तर दोन गोष्टी बघा. स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या बाजूला दाबा, आत गेलं तर वाळवी. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर भुंगा आत आहे, घरात आणू नका. घेतल्यावर सुतार पीयू पॉलिशचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या चकचकीत थराचा आग्रह धरेल. नको म्हणा. त्याने वस्तूवर काच बसवल्यासारखी होते. लाखेचं पॉलिश करा, किंवा नुसतं जवसाचं तेल, पातळ, दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. तेलाचे बोळे मात्र गोळा करून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, आपल्या मे महिन्यात तर नक्कीच खेळ नको. फडकी पाण्यात भिजवून, पसरून बाहेर वाळवा.

पैशांचं म्हणाल तर वायरिंग, दिवे, चिक, पडदे, खिडकीतली बैठक, एक भिंत आणि जाळीचं फडताळ एवढं तुमच्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांशात बसावं. उरलेले खर्च करू नका. वर्षभराने तुम्हाला कळेल की खरी कमी कशाची आहे, तेव्हा कामाला येतील. सगळं एकदम करून घेतलंत तर पुन्हा सगळ्या वस्तू एकाच महिन्यात जन्मल्या असं होईल.

राहिलं पेटीचं कुलूप. त्यात तेल ओतू नका, धूळ धरून अजून घट्ट होतं. आधी किल्लीच्या भोकात सायकलच्या पंपाने हवा मारा. मग मऊ शिसपेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडून ती पूड कागदाच्या नळीतून आत फुंका आणि किल्ली हलक्या हाताने मागेपुढे करा, जोर न लावता, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. किल्लीच नसेल तर जुनी कुलपं करणारा माणूस गाठा, पण कोयंडा तोडू देऊ नका. मागच्या बिजागऱ्या काढून झाकण उघडता येतं, खिळे वाकवलेले असतील ते सरळ करून जपून ठेवायला सांगा. आत काय निघालं ते मला जरूर कळवा. आणि आतल्या बाजूला कागद चिकटवलेला असेल, जुनं वर्तमानपत्र किंवा कॅलेंडर, तर तो ओरबाडून काढू नका.